मिलमध्ये निळा चालू होता

३ फेब्रुवारी, पांडेसरा
सुरतेत आले एकदाची. लग्नाला महिना होत आला आणि आज कुठे नवऱ्याच्या खोलीचं दर्शन झालं. खोली एवढीशी, पण गच्चीवर ऊन भरपूर. तोंडाने नवऱ्याचं नाव घेत नाही, इथे मात्र बिनधास्त कुंदन लिहिणार. कुंदन डाइंग मिलमध्ये रंगखात्यात आहे. हात कोपरापर्यंत लाल. मी म्हटलं, नवी नवरी मी आणि मेंदी तुम्हाला. लाजला बिचारा. शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, सवय कर. मिलमध्ये जो रंग चालू, तोच यांच्या थुंकीत. त्यांचा नवराही मिलमध्येच, वर्षानुवर्षं रंगीत थुंकतोय आणि धडधाकट आहे.

८ फेब्रुवारी
कापडाच्या ताक्यांनी भरलेली गाडी कुंदनच्या पोटावर आदळली. उजव्या बरगडीखाली सूज आहे. दवाखान्यात चला म्हटलं, तर गोळी गिळून कामावर गेला. हट्टी माणूस. मी मिठाची पुरचुंडी करून शेकलं.

१६ फेब्रुवारी
सकाळी मळमळलं म्हणून कुंदन मोरीत ओकला. लाल. मी वाकून पाहिलं. मग आठवलं, मिलमध्ये लालच चालू आहे. दोघंही हसलो. मोरी धुऊन टाकली.

१८ फेब्रुवारी
पुन्हा लाल, आज जास्त. चेहरा उतरलाय. शोभाबाईंनी गूळ द्यायला सांगितला, रंग पोटातून निघून जातो म्हणे. दिला.

१९ फेब्रुवारी
कुंदन दुपारीच घरी आला. हात निळे. मिलमध्ये आज निळा चालू झालाय. मोरीपर्यंत जेमतेम पोचला, आणि—
लाल.
हात निळे आणि मोरी लाल.

त्याच दिवशी, हॉस्पिटल
डॉक्टर म्हणाले, गाडीच्या धक्क्याने लिव्हरच्या धमनीला फुगा आला होता. तो फुटून रक्त पोटात उतरत होतं. जांघेतून तार घालून धमनीत स्टेंट बसवणार, कापड मढवलेली जाळीची नळी. भोक आतून झाकलं जाईल, लिव्हरला रक्त मिळत राहील. मी दोनदा विचारलं, कापडाची? स्ट्रेचरवरून कुंदन म्हणाला,
"कापड शे ना? मंग घाबरू नको. तो त आपला घरना माल शे."
आत नेलं.

संध्याकाळ
नळी नीट बसली. रक्त थांबलं. पण आधीच फार गेलं होतं. मधे हृदय बंद पडलं, पुन्हा चालू केलं. अजून डोळे उघडत नाही.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांनी विचारलं, उलटीत रक्त कधीपासून. सांगितलं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर याच नळीवर तो चालत घरी—
हात अजून निळेच आहेत. गार.

२१ फेब्रुवारी
कुंदन गेला.
सासूबाई नंदुरबारहून गाडीत बसल्यात. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. विचारतील, माझ्या लेकाचं रक्त पडत होतं तेव्हा तू कुठे होतीस. मी तिथेच होते, आई. समोरच. हसत होते. मला वाटलं—