कानामागची चामखीळ

माय, तुझ्या उजव्या कानामागच्या चामखिळीबद्दल लिहायचं आहे. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. आता तिचं काय काढलंस, असं तू म्हणशील. पण गेल्या बुधवारी ती माझ्या टेबलावर आली. म्हणजे तिचा फोटो आला.

मी आता बुलढाण्याच्या कचेरीत बसतो. आमच्या पेपरची शेतीची पुरवणी माझ्याकडे आहे आणि बुधवारी चार वाजेपर्यंत पानं छपाईला सोडावी लागतात. या वेळी गोचिडांवर लेख होता. जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी लिहिला होता, जागेच्या मानानं फार लांब, म्हणून मी कापत बसलो होतो. कापता कापता तुझ्या प्रश्नाचं उत्तर समोर आलं. तोच, गोठ्यातला प्रश्न. सुलतानपूरच्या घरामागे गोठा, तांबड्या गायीच्या कुशीला कान टेकवून तू धार काढत बसली आहेस, डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला आहे. धार संपली की तू गायीच्या कानातले, आचळांच्या बाजूचे गोचीड एकेक करून काढतेस आणि जुन्या वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकतेस. मी दारात ब्रश करत उभा आहे.

"एवढं रगत पेते, एरंडीच्या बीवानी फुगते, तरी गायीले कळत नाही काऊन रे?"

"तिलाच विचार की."

"पेपरात लेह्यते म्हने! अन् एवढं सांगता येत नाही."

तेव्हा मी मेहकरचा वार्ताहर होतो. सभा, अपघात, बाजारभाव, एवढंच लिहायचो. तुला सांगता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून हसलो.

उत्तर त्याच्या लाळेत आहे, माय. गोचीड तोंड खुपसतो तेव्हा आधी लाळ सोडतो. त्या लाळेनं जागा बधिर होते, म्हणून गायीला कळत नाही. मग ती लाळ रक्त गोठू देत नाही, म्हणून त्याला दिवसच्या दिवस पिता येतं. इथपर्यंत मला थोडंफार ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. अंगाला कुठं टोचलं की आतली राखण तिकडं धावते. लाली येते, सूज येते, खाज सुटते, आणि खाजवायला गेलेल्या हाताला तो लागतो. ही लाळ त्या राखणीलाच थोपवून धरते. आपल्या रानात भुईमुगावर जागल असायची ना, तसं समज. जागल्याला कुणी गोड बोलून बांधावर बसवून ठेवलं आणि मागच्या बाजूनं डुकरं शिरली. लाळेसोबत तापाचे जंतू आले असतील तर त्यांना पहिल्या घडीला कुणी अडवतच नाही. डुकरांना फार जोर लावावा लागत नाही. रान मोकळंच असतं.

लेखातला हा लाळेचा परिच्छेद मी कापला नाही. त्याच वेळी आमच्याकडची एक नवी मुलगी, पानं लावते ती, माझ्याकडे आली. "सर, या लेखात एक फोटो चुकून आलाय. चामखिळीचा आहे." मी पाहिला. एका माणसाच्या मानेजवळची कातडी, तिच्यावर करडी, गुळगुळीत, तुरीच्या दाण्याएवढी गोळी. मी डॉक्टरांना फोन लावला.

"बरोबर आहे हो फोटो. गोचीडच आहे तो, पोट भरलेला. पाय खाली दबतात, वर नुसती गोळी दिसते. लोक चामखीळ समजून दोरा बांधतात."

"दोरा?"

"दोरा, केस, काय वाट्टेल ते. मग पोट भरलं की तो आपोआप गळतो अन् माणूस म्हणतो, उपाय लागू पडला."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्या मुलीनं विचारलं, "फोटो ठेवू ना सर?" मी मान हलवली. तिला वाटलं मी नाही म्हणालो. तिला परत हाक मारावी लागली.

माझ्या हाताला चामखीळ झाली होती ते तुला आठवत असेल. मी सातवीत होतो, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेन टेकतो तिथंच. तू एका लग्नाच्या वरातीत घोडीवाल्याला गाठलंस. "दादा, शेपटीचे चार-पाच केस दे बरं, पोराच्या चामखिळीले पाह्यजेत." तो म्हणाला, "माय, घोडी लात मारन." तू म्हणालीस, "मारू दे, नवरदेवाले वाचव म्हंजे झालं." बँडवाले हसायला लागले आणि मी लाजेनं मंडपात पळालो. घरी आल्यावर चुलीपुढं बसवून तू तो काळा, चिवट केस माझ्या चामखिळीच्या मुळाशी आवळून बांधलास, दोनदा गाठ मारलीस. बारा-तेरा दिवसांनी ती वाळून पडली. उरलेले केस चहापत्तीच्या छोट्या डबीत गेले आणि डबी फळीवर, हळदीच्या बरणीमागे. त्यानंतर गल्लीतल्या किती बायकांच्या चामखिळी तू बांधल्यास! तुझा त्या केसावर भरवसा होता आणि माझाही. शिकलो, पेपरात गेलो, तरी तेवढा एक भरवसा राहिला.

मग ती सकाळ. साडेसातची मेहकरची एसटी मला गाठायची होती; आदल्या दिवसाची एक बातमी फॅक्स करायची राहिली होती. तू गोठ्यातून आलीस, हात पदराला पुसत. "पाह्य बरं बाबू, कानामांगं काय आलं मले. हाताले गोळी लागते." मी विचारलं, "दुखतं का?" "दुखत नाही, खाजत नाही. नुसतीच हाय." मी पाहिलं आणि म्हणालो, "चामखीळ आहे माय. बांध तुझा केस." तू म्हणालीस, "हाव, मले बी तसंच वाटलं." मी निघालो. शेजारच्या काकूंकडून तू केस बांधून घेतलास. तिसऱ्या दिवशी मी परतलो तर दारातच सांगितलंस, "पडली पाह्य! तुझी बाराव्या रोजी पडली होती, माही तिसऱ्याच रोजी." तुझा चेहरा अजून दिसतो. शर्यत जिंकल्यासारखा.

ताप त्या आठवड्याच्या शेवटी आला. आधी डोकं दुखायला लागलं, मग कणकण, मग अंगावर घेतलेली गोधडी हलेल इतका ताप. मी तुला मेहकरला नेलं. तिथले डॉक्टर घाईचे नव्हते, हे मी इतक्या वर्षांनीही सांगेन. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, तळहातावरचे बारीक लाल ठिपके पाहिले. रक्त तपासायला घेतलं. मग विचारलं, "काही चावलं होतं का एवढ्यात? गोठ्यात, शेतात?" तू माझ्याकडे पाहिलंस. आजारी माणूस घरच्याकडे पाहतो, तसं. मी म्हणालो, "नाही." तुझ्या कानामागे तेव्हा काळी खपली धरली होती. ती मला ठाऊक होती, पण माझ्या लेखी ती चामखीळ पडल्याची खूण होती. वर तुझा पदर होता. डॉक्टरांनी तो बाजूला का करावा?

त्यानंतरचं तुला सगळं ठाऊक नसेल. हिवतापाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, सलाइन लागलं. चार दिवसांनी लघवी कमी झाली म्हणून बुलढाण्याला हलवलं. गाडीत तू मला म्हणालीस, "गायीची धार कोन काढून राह्यलं?" मी म्हणालो, काकू काढतात. "तिले म्हन, आंधी गोंजारजो. तशी पान्हा सोडत नाही ते." हे तुझं शेवटचं सलग बोलणं. सहाव्या दिवशी तू गेलीस. कागदावर ताप लिहिला होता आणि मूत्रपिंडं निकामी झाल्याचं लिहिलं होतं. कशाचा ताप, ते लिहिलेलं नव्हतं.

तो गोचिडाचाच ताप होता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्या बुधवारी पानं सोडण्याआधी डॉक्टरांना पुन्हा फोन केला, एका ओळखीच्या बाईंची हकीकत म्हणून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जुळतं सगळं. पण आता कसं सांगायचं?" मी विचारलं, त्या वेळी कुणी चावा दाखवला असता तर? ते म्हणाले, "औषध तर साधंच आहे हो. वेळेत सुचायला पाहिजे फक्त." ते वाक्य त्यांच्या लेखात नव्हतं. मी त्यांना विचारून शेवटी घातलं. त्यासाठी दुसऱ्या दोन ओळी काढल्या. पुरवणी शुक्रवारी निघाली. फोटोखाली मी लिहिलं, "ही चामखीळ नाही." काकू आता ऐंशीच्या घरात आहेत, सुलतानपुरातच असतात, त्यांच्या नातवानं त्यांना वाचून दाखवलं म्हणे. त्यांनी मला फोन केला नाही. त्यांच्या हातानं ती गाठ मारली होती. मीही केला नाही.

गोचिडाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो, माय. दुखू द्यायचं नाही, कळू द्यायचं नाही, राखण बसवून ठेवायची, हे त्याच्या लाळेचं काम. पण तुझ्या हाताला गोळी लागली होती. तुझी राखण जागी होती, म्हणून तर तू मला विचारायला आलीस. तिला बसवून ठेवलं ते माझ्या "चामखीळ आहे" या शब्दांनी. पेपरात लिहिणाऱ्या मुलानं सांगितलं, मग तू कशाला शंका घेशील?

हे मी पुरवणीच्या कच्च्या छपाईच्या कागदामागे लिहितो आहे. कुठं पाठवायचं नाही. चहापत्तीची डबी माझ्याकडेच आहे, तिच्यात एक केस उरला आहे. कागद घडी करून तिच्यात मावेल. पण त्याआधी एक दुरुस्ती करायला हवी. छापलेल्या चुकीची दुरुस्ती आम्ही दुसऱ्या दिवशी देतो; हिला एकवीस वर्षं लागली. वर मी लिहिलं आहे, "मी पाहिलं आणि म्हणालो." स्वतःलाही मी इतकी वर्षं असंच सांगत आलो. मी पाहिलं नव्हतं. तू पदर सारून, मान वळवून माझ्यापुढं उभी होतीस, आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो.