तुमच्या नावावरच्या ओळी

सर, काल मी तुमच्या नावावरच्या ओळी हलवल्या. आकडे वाचणारी ती चार फंक्शनं, म्हणजे साधे दशमान आकडे आणि सोळा, आठ व दोनच्या पायावरचे हेक्स, ऑक्टल, बायनरी, इतकी वर्षं इंटरप्रिटरच्या, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या त्या 'किरकोळ' फाइलमध्ये पडून होती. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखी ती फाइल. जे कुठेच बसेना ते तिथे. आता आकड्यांची वेगळी फाइल करायची ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. ही फंक्शनं मीच लिहिली आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. असणार कसं? ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तुमचंच नाव होतं.

मी ती तुमच्या खोलीत बसून लिहिली, कारण जबलपूरच्या आपल्या कॉलेजात इंटरनेट तेवढ्याच एका खोलीत होतं. इंटरप्रिटरचा सगळा सोर्स कोड तुम्ही मला कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून दिला होता. "घे, घरी वाच. वापस नको करू," म्हणालात. तो गठ्ठा मांडीवर घेऊन मी घरी जायच्या पाटनच्या बसमध्ये बसायची. तेवढं मोलाचं काही मला तोवर कोणी दिलं नव्हतं, हे मी आजही नाकारत नाही. प्रोग्राममधलं '४२' हे इंटरप्रिटरला आधी नुसती दोन अक्षरंच दिसतात, त्यांची संख्या करावी लागते, हेही तुम्हीच फळ्यावर शिकवलं. माझा पहिला प्रयत्न दाखवला तेव्हा तुम्ही एक भलामोठा आकडा टाइप केलात, उत्तर उणे आलं, आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर भडकलात. "संख्या मावून नाही राहिली अन् तुझा प्रोग्राम चूप? काहून? त्याला सांगता नाही येत का?" मी मान खाली घालून ऐकलं आणि आठवडाभर खपून ते नीट केलं.

शेवटचं फंक्शन पुरं झालं ती संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. इंटरप्रिटर सांभाळणाऱ्या तिकडच्या, परदेशातल्या लोकांना पाठवायची मेल मी लिहिली आहे, खाली माझं नाव टाकते आहे, आणि तुम्ही घड्याळ बघता. "चलो, तू निघ. पाटनची आखरी बस जाईल तुझी. मी पाठवून देतो नं." मी पळत सुटले. सकाळी येऊन पाहिलं तर काम गेलं होतं, तुमच्या पत्त्यावरून, तुमच्या एकट्याच्या नावाने. "सर, माझं नाव?" तुम्ही चहा ढवळत होता. "अरे बेटा, तुझ्या नावाला तिकडे कोण ओळखते? माझ्या नावानं वाचतील तरी. काम झालं नं?" संख्या मावली नाही तर प्रोग्रामने बोलावं म्हणून ज्यांनी मला फैलावर घेतलं, त्यांच्यासमोर मी चूप बसले. पुढे कॉलेजने तुमचा सत्कार केला तेव्हा शाल-श्रीफळाचं तबक धरायला मलाच उभं केलं. फोटोत माझा फक्त हात आला आहे.

तुम्ही गेलात तेव्हा आईने फोनवर सांगितलं, "सर गेले नं तुझे. तिलवाऱ्याच्या घाटावर घेऊन गेले आता. येतेस का?" मी मीटिंग आहे म्हणाले. मीटिंग नव्हती.

तर काल. ओळी एका फाइलमधून दुसरीत गेल्या की रकान्यात हलवणाऱ्याचं नाव लागतं. म्हणून बदलाच्या टिपेत मूळ लिहिणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. काम तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "दीदी, ओरिजिनल किसका है? नोट में नाम डाल दूँ?" मी म्हटलं, "मेरा ही है." इतक्या वर्षांनी ते तोंडातून निघालं आणि मला इतकं बरं वाटलं की उठून खिडकी उघडली.

पण त्यात तीन ओळी माझ्या नाहीत, तुमच्या आहेत. आकड्यात कुठेही अंडरस्कोर, म्हणजे गट पाडायची खालची आडवी रेघ, घालू देणाऱ्या. तिकडचे लोक हट्टाला पेटले होते, तीन-तीन अंकांनीच गट पाडा म्हणून. तुम्ही रोज सकाळी मेल लिहून त्यांच्याशी भांडलात, की आमच्याकडे लाख असतो, कोटी असतो, आमची पोरं आकडा तसाच लिहिणार. दोन बोटांनी टाइप करायचात, मी मागे उभी राहून वाचायची. शेवटी त्यांनी ऐकलं. त्या आठवड्यात तुमच्याइतका मोठा माणूस मला जबलपुरात दुसरा दिसत नव्हता. मग मी नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत ते भांडण माझं म्हणून सांगितलं. लोकांना फार आवडलं. तेव्हापासून सांगतेच आहे, भाषणांतूनसुद्धा, लाखाच्या त्या वाक्यासकट.

हे पाठवायचं कुठे? ज्या पत्त्यावरून सगळं जायचं तो तुमचा पत्ता केव्हाच बंद झाला. काल त्या तीन ओळींपाशी मी बराच वेळ थांबले होते, सर. टिपेत तुमचं नाव घालायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मला कुठलीही बस गाठायची नव्हती. तरी मी ते घातलं नाही.