शंभरपट सरकलेला ठिपका

जवाहर नगर, जयपूर

आदरणीय गुलाबमामा,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, ते कळवा. इथे सगळे मजेत. बाबा रेल्वेमुळे थकतात आणि आई बाबांमुळे, ते नेहमीचंच. लिहिण्याचं कारण असं की तुमची भाची डॉक्टर झाली. (औषध देणारी नव्हे. भागुआत्याने कालच मला दुखरी पाठ दाखवली.)

दिवाळीत मी माझा विषय सांगितला, तेव्हा तुम्ही, जन्मभर गणित शिकवलेला माणूस, म्हणालात की शंभर मार्कांच्या पेपरात सरासरी दोनशे येत असेल तर मास्तरला घरी बसवावं. माझे परीक्षक, पुण्याचे उमाकांत सर, यांचंही अगदी तेच मत निघालं. विषय आहे दुर्बल मापनाचा: कणाला धक्का लागू नये इतक्या हलक्या हाताने मोजायचं. एका मोजणीतून काहीच कळत नाही, म्हणून असंख्य वेळा मोजायचं आणि शेवटी हव्या त्या अवस्थेत सापडलेल्या थोड्याच कणांची सरासरी घ्यायची. ही सरासरी, मतलब 'दुर्बल मूल्य', कधी कधी एकाही कणाला शक्य नसलेली येते. तिला काही भौतिक अर्थ आहे की ती नुसती निवडीची करामत, यावर जगभर भांडणं चालू आहेत. मी अर्थ आहे म्हणणाऱ्यांतली. सरांनी अहवालात लिहिलं, प्रबंध उत्तम, शेवटचं प्रकरण काढावं. माझ्या गाइड अमिता मॅडम म्हणाल्या, काढ, पदवी घे, मग हवं ते मान. मी नाही म्हटलं. (आईने माझ्याशी बोलणं सोडलं. बाबांशीही, कारण ते हसले.)

तोंडी परीक्षेला सगळं घर हजर. आत्या डबा घेऊन. येताना मामीसाठी सांगानेरी छापाची चादरही खरेदी झालेली. मी प्रयोग मांडला: लेझरचा झोत एका स्फटिकातून गेला की प्रकाश केसभर डावीकडे किंवा केसभर उजवीकडे सरकतो, तिसरं काही नाही. पुढे एक गाळणी लावली, की जवळजवळ सगळा प्रकाश अडतो आणि उरतो एक अंधुक ठिपका. तो मात्र शंभर केस सरकलेला दिसायला हवा. दिसला नाही. खिडकीचे पडदे धुवायला गेलेले आणि जयपूरचं ऊन थेट ठिपक्याच्या पांढऱ्या पडद्यावर. उमाकांत सर घड्याळ पाहू लागले. तेवढ्यात बाबा आणि आत्या उठले, नवी चादर उलगडली आणि खिडकीत दोन टोकं धरून उभे राहिले. (विभागप्रमुखांनी तिसरं टोक धरलं. आत्याने त्यांना "भैया, जरा ऊपर" म्हटलं.) ठिपका दिसला. दूर, शंभर केसांवर.

सर उठले, स्वतः गाळणी फिरवू लागले. थोडी इकडे, ठिपका उजवीकडे. थोडी तिकडे, ठिपका डावीकडे. किती तरी वेळ फिरवत राहिले. मी म्हटलं, "सर, ही करामत असेल, पण हलक्या हाताने विचारलं की निसर्ग दर वेळी हेच उत्तर देतो. यापेक्षा वेगळा भौतिक अर्थ कशाला म्हणायचं?"

मागून आईने विचारलं, "सर, खरं आहे का ते?"

"हलतो तर आहे, बाई," सर म्हणाले, आणि त्यांनी शेवटच्या प्रकरणासकट सही केली. मी रडले नाही. बाबा रडले, पण चादर सोडली नाही.

मामीला नमस्कार.

तुमची,
डॉ. गौतमी

ता. क. चहाच्या वेळी सरांनी विचारलं, की प्रकाशाच्या साध्या लाटा एकमेकींतून वजा झाल्या तरी ठिपका असाच सरकेल, मग यात कणाचं असं काय मोजलंस? उत्तर दिलं, पण घरी येईपर्यंत मलाच ते पटेनासं झालं. मी आता अर्धी त्यांच्या बाजूला आहे. सकाळी त्यांची ईमेल आली, ते अर्धे माझ्या बाजूला आहेत.

आणखी एक ता. क. हे भांडण मिटवायला त्यांनी मला पुण्याला दोन वर्षांसाठी बोलावलंय, आणि मी हो म्हणून बसले आहे. आईला अजून माहीत नाही. कृपा करून तिला फोन करा आणि मला पाठवू नकोस म्हणून कडक शब्दांत बजावा. तुम्ही नको म्हटलेली गोष्ट तिने आजवर केल्यावाचून सोडलेली नाही.