मागची खाच, पुढचा मणी

नेरूळ,
मंगळवार, ता. २१ ऑक्टोबर १९९७

चि. सई हिस,

आजीचा आशीर्वाद. तिकडच्या थंडीत पोटभर जेवत जा. इकडे सगळे ठीक. तुझ्या बापाची महाप्याची नोकरी चालू आहे, पाणी एक वेळच येतं, आणि शेजारच्या सुचित्राने नेलेली माझी किसणी अजून परत दिलेली नाही. तिसरी शिकलेली बाई लिहिते आहे, चुका काढत बसू नकोस.

तुझ्या शौनकरावांनी हरणाच्या शिकारीला खाली दांडा ओढून काडतूस चढवायची रायफल घेतली, तिला कुठला नेम, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, बसवावा ते आजोबांना विचार, असं तू लिहिलंस. इथे शिकारबंदी येऊन पंचवीस वर्षं झाली. तुझ्या आजोबांचे डोळे तर पुरते गेले. पण तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून म्हातारा खुर्चीत ताठ बसतो. ते सांगतात ते लिहिते.

"दुर्बिणीच्या नादाला लागू नका म्हणावं. त्या रायफलीचं रिकामं काडतूस वरून उडतं, दुर्बिणीवर आपटेल. बाजूला बसवली तर गाल लाकडावर नीट टेकत नाही. नळीवर पुढे पितळेचा मणी हवा, उजेड कमी झाला तरी चमकतो. मागे खाच असते, पण डोळा थकला की खाच अंधुक होते. मग तिथे रिंग बसवावी. रिंगेकडे बघायचं नाही, रिंगेतून बघायचं. मणी हरणावर ठेवायचा, बस."

इथवर त्यांचं. आता माझं. ते समोरच बसलेत, त्यांना वाटतंय अजून रिंगेचंच चाललं आहे.

सई, तू त्या जंगलात जायचं नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शौनकरावांनी तीनदा नेम बदलले तरी गोळी भलतीकडे जाते. अंधार पडला की गाडी तुला चालवायला देतात, किती कौतुक तुला त्याचं. एका संध्याकाळी अंगणात खुर्चीला अडखळून पडले, तू हसलीस. आणि आता पंधरा नोव्हेंबरला शिकारीला तुला सोबत नेणार. अगं शहाणे, त्यांना संध्याकाळी दिसत नाही. ते सांगत नाहीत, आणि तुला सोबत म्हणून नेत नाहीत, परतीची वाट दाखवायला नेतात.

हे मला कसं कळलं? मला असंच नेत होते.

पेणला असताना यांनी दोन वर्षांत तीन नेम बदलले. मुंबईहून कारागीर आणला. दिवे लागले की भिंत चाचपत चालायचे, मी पुढे कंदील धरायची आणि कुणाला कळू द्यायची नाही. नवऱ्याला दिसत नाही हे चारचौघांत बोलायचं कसं? मी भाकऱ्या बांधून मागे जायची. त्या दिवशी मी करवंदीच्या जाळीमागे बसले होते. पाय आखडला म्हणून उठले. माझा डावा हात भातगिरणीच्या पट्ट्यात गेला असं तुम्ही सगळे लहानपणापासून ऐकता. पट्टा नव्हता. यांची गोळी होती.

पट्ट्याची गोष्ट यांनी नाही रचली, मी रचली. दवाखान्यात पोचेपर्यंत तयार ठेवली होती. तुझ्या बापालाही तीच माहीत आहे. हात गेल्याचं मला फार वाटलं नाही, दुसरा होता. पण आधीच तोंड उघडलं असतं तर, हे तीस वर्षं वाटतं. तुला सांगते म्हणजे कळेल, मी काय गिळून बसले होते.

फोन तीनदा केला. तुझं ते मशीन बोलतं, मग शिट्टी वाजते. "सई, फोन कर" एवढंच बोलले, कारण हे फोनपाशीच असतात. तू केला नाहीस. पत्राला पंधरा दिवस लागतात म्हणतात, तारीख डोक्यावर आली आहे. नवऱ्याला डॉक्टरकडे ने. रुसले तर रुसू देत, भांडण कर, बॅग उचलून इकडे ये, पण जाऊ नकोस.

आत्ता यांनी विचारलं, "अगं, रिंगेचं चार ओळींत झालं, एवढं काय लिहितेस?"

म्हटलं, "वाचून दाखवते."

दाखवलं. पहिल्या अक्षरापासून, गाळलं काही नाही. मला वाटलं ओरडतील, किंवा पत्र फाडायला हात पुढे करतील.

मग म्हणाले, "एक राहिलं, ते लिही. तू मला हरणासारखी दिसलीस असं नाही. हरीण दिसलंच नव्हतं. काहीतरी हललं, तेवढ्यावर मी चाप ओढला. शौनकला हे माझ्या नावाने वाचून दाखव म्हणावं. आणि पेन इकडे दे, सही करतो."

खालची वाकडी रेघ त्यांची आहे. माझ्या नावावरून गेली, जाऊ दे.

तुझी आजी केशरबाई
आणि आजोबा, मधुकर