माळ्यावरचा कापूस

३ एप्रिल, महागाव

आज घर मिळालं. जनावरांच्या दवाखान्यात रुजू होऊन आठवडा झाला नाही तोच देवसिंग राठोडांनी आपलं रिकामं घर भाड्याने दिलं. ते आणि रामीबाई अंगणापलीकडे नव्या घरात राहतात. वर टिनपत्रे, खाली त्यांच्या भाच्याने हौसेने केलेलं पीओपीचं छत, आणि त्या छतात बसवलेले सहा गोल लाईट. बटण दाबलं की घराचा लग्नाचा हॉल होतो. ऊन मात्र असं की साताऱ्याच्या माणसाचा पापड व्हावा. महिनाअखेर निशिगंधा आणि आमची सहा महिन्यांची चिमी येणार. त्याआधी घर गार करायचं, असा विडा उचलला आहे.

६ एप्रिल

शिडी लावून माळ्यावर चढलो. पत्रे आणि छताच्या मध्ये उकिडवं बसण्यापुरती जागा, आणि सगळीकडे कापूस. धग खाली उतरू नये म्हणून देवसिंगनी पसरलेला. लाईटांच्या थेट डोक्यावरसुद्धा तोच. हे जुने हॅलोजन, पाठीला हात लागला तर फोड येतो. एका जागी कापूस तपकिरी पडला होता. घर अजून उभं आहे हेच नवल. देवसिंगना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "घरचा कापूस असून इकत कायले आनाचं, डॉक्टरसाहेब?"

१० एप्रिल

काम फत्ते. कापूस पोत्यांत भरून देवसिंगच्या घरी पोचवला. यवतमाळहून दगडापासून केलेल्या, न जळणाऱ्या लोकरीच्या लाद्या आणल्या, त्या प्रत्येक लाईटपासून वीतभर दूर अंथरल्या. लाईटांवर कुंभाराकडच्या मातीच्या कुंड्या उपड्या घातल्या; बुडाच्या भोकातून उष्णता निघून जाते. चालायला छताच्या उंच लाकडी पट्ट्यांवर फळ्या ठोकल्या. खाली खरंच गार वाटतंय. कौतुक करायला कोणी नाही, म्हणून स्वतःच चहा करून स्वतःलाच दिला. दिवसभर बैलांशी बोलतो, संध्याकाळी तेही नाहीत.

१३ एप्रिल

बैठकीतल्या लाईटला जळका वास आला म्हणून वर गेलो. कुंडी उचलून बाजूला ठेवलेली, लाईटवर कापूस. मांजर म्हणावं, तर मांजर कुंडी सरळ ठेवत नाही. कापूस सरकीसकट होता, नुकताच वेचल्यासारखा. एप्रिलमध्ये वेचणी कुठली?

१६ एप्रिल

तीन कुंड्या बाजूला. कापूस कडेने नीट दाबलेला, लेकराला पांघरूण घालतात तसा. काढला. दवाखान्यातून परत आलो तर पुन्हा होता. लाईट लावणं बंद केलं.

१७ एप्रिल

रामीबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, कापूस पसरला तवा लाईट आम्ही उघडेच ठेवलते. मग सांगितलं: त्यांची नणंद जमनी. नवऱ्याने टाकलेली, या घरी राहिली, माळ्यावर कापूस राखत झोपायची. घरात कापूस असला की तिथे दिवा न्यायचा नाही, ही रीत; ती जमनीने देवासारखी पाळली. एका उन्हाळ्यात सगळे लग्नाला गेलते. परत आले तेव्हा ती वरच होती, मरून चार दिवस झालते. कोणी हाक मारली नव्हती. "दिवा दिसला का झाकतेच थे," रामीबाई म्हणाल्या. "तिले वाटते, घर वाचवून राह्यली."

१९ एप्रिल

वर सरपटल्याचा आवाज. भीती वाटते. खरं लिहितो: त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटतं. काल घराबाहेर पडताना 'येतो' म्हणालो. वरचा आवाज थांबला, ऐकल्यासारखा. हे घर सोडायला हवं, पण पाय निघत नाही.

२१ एप्रिल

निशीचा फोन. माझा आवाज तिला बरा वाटत नाही, म्हणून आधीच निघाली, उद्या पोचेल. नको म्हणायला हवं होतं, पण मला माणूस हवं होतं. रोशन वायरमन परवा येऊन लाईट काढणार आहे. तोवर ते लावू नकोस, हे निशीला सांगायचं राहिलं. आता तिचा फोन लागत नाही.

२२ एप्रिल, दुपार

निशी आणि चिमी येण्याआधी कापूस काढायला वर आलो, वही खिशातच आहे. साही लाईट झाकलेले. काढतोय, मागे वळलो की पुन्हा —

खाली दार वाजलं. निशी आली. मला हाक मारतेय. मी ओरडलो, पण खाली कूलरचा आवाज —

उतरायच्या तोंडावर फळी आलीय. मी ठेवली नाही. ढकलली, हलत नाही. फळीवर कोणीतरी बसलंय.

उन्हासाठी खिडक्या बंद, खाली अंधार; तिने लाईट लावले. सगळे.

छत फोडायला लाथ मारली. पाय कोणीतरी धरला, हळूच. घाई नाही तिला. जमनीबाई, काढा तो कापूस, खाली माझी लेक आहे — ऐकते आणि अजून दाबते —

धूर.

हे पान फाडून लाईटच्या फटीतून खाली टाकतोय. निशी, लाईट बंद कर. चिमीला घेऊन बाहेर पळ. माझ्यासाठी थांबू —

फटीत कापूस. दुसरीतही. एकच उरली, चिमीसाठी मी टांगलेल्या पाळण्याच्या बरोबर वर. चिमी पाळण्यातून वरच बघतेय. हसतेय. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी —