कचराबाई असंच लिहा

माय,

तुला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की तू हातातलं काम बाजूला ठेवायचीस, पदर सावरून बसायचीस आणि म्हणायचीस, "वाच व बाई, सावकाश वाच." आज मी तुलाच लिहितेय आणि वाचून दाखवायला समोर तू नाहीस. तरी लिहिते. आज सकाळी मी मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून हजर झाले, आणि ही बातमी सगळ्यांत आधी तुझ्या कानावर जायला हवी होती. दुसरं कारण असं, की जाताना तू माझी जी माफी मागितलीस ती मला तुला परत करायची आहे. मला ती नको.

माझ्या जन्माची गोष्ट तू कधी नीट सांगितली नाहीस. मला ती शेजारच्या गोदाकाकूंकडून कळली. माझ्याआधी तुला दोन मुलगे झाले, नारायण आणि विश्वनाथ. बाबांनी भटजींना विचारून, पत्रिका मांडून नावं ठेवली होती. दोघेही रांगायच्या आत गेले. मग मी झाले. तू बाबांनाही विचारलं नाहीस. मला सुपात घातलंस, शनवाऱ्याच्या वेशीजवळच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलंस आणि पाठ फिरवून उभी राहिलीस. गोदाकाकूंनी मला उचललं. मूठभर कोंडा त्यांच्या पदरात टाकून तू मला त्यांच्याकडून विकत घेतलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "ही माझी नाही. ही कचऱ्यात सापडली. हिचं नाव कचरा."

देवाला, काळाला, ज्याची नजर तुझ्या पाळण्यावर होती त्याला, तू फसवलंस. बाळंतपणातून पुरती उठलीही नव्हतीस, आणि एवढं धाडस केलंस. त्या बाईनं पुढे माझ्यासमोर मान खाली घालावी, याचाच मला राग येतो.

लहानपणी मला माझ्या नावाचं काही वाटत नव्हतं. तू हाक मारायचीस तेव्हा ते नाव तुपात बुडवल्यासारखं यायचं. बाबा कापडाच्या पेढीवर मुनीम होते. रात्री जेवणं झाली की ते मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावत. माझं नाव मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, तुझ्या नावात काना एकच आहे, सगळ्यांत शेवटी." मला त्याचा किती अभिमान वाटला होता.

मग लग्न झालं. देडतलाईकडच्या शेतकऱ्याच्या घरात. सासरी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं: सगुणा. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कचरा नको." वर्ष सरलं नाही तोच पटकीच्या साथीत ते गेले, ज्यांच्याशी माझं धड बोलणंही झालं नव्हतं. त्याच दिवशी सासूबाईंना माझं जुनं नाव आठवलं. "कचरा घरात आणला, घराचा उकिरडा झाला," असं त्या आल्यागेल्याला सांगत राहिल्या. तूच सांग, सगुणा होऊन मला काय मिळालं? ते नाव सुखात त्यांनी दिलं आणि दुःखात काढून घेतलं. तू दिलेलं नाव मात्र कुणालाच काढून घेता आलं नाही.

मी माहेरी आले. तोवर बाबाही राहिले नव्हते. तू विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायचीस. तुझ्या बोटांना सुतानं चिरा पडलेल्या असत. तरी मला रहाटाला हात लावू दिला नाहीस. "तुले अक्षर येते. तू अक्षराचंच खाय," म्हणालीस. गावानं तोंडं वाकडी केली, पण तू मला जबलपूरला मास्तरणींच्या वर्गाला पाठवलंस. गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनावर तू मला सोडायला आलीस तेव्हा तू दिसेनाशी होईतो हललीही नव्हतीस. खिडकीतून मला तुझं लुगडं दिसत होतं, वाऱ्यानं उडणारं.

परीक्षा पास होऊन परत आले. इथल्या मुलींच्या शाळेत जागा निघाली होती. शाळेच्या कमिटीनं भेटीला बोलावलं तो दिवस मी तुला पुरता कधी सांगितला नाही. आज सांगते.

दारात चपराशी होता. त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "कचरा उठानेवाली? पीछे से जाओ, बाई. साहब लोग बैठे हैं." आणि त्यानं मला मागच्या अंगणाचं दार दाखवलं. तिथं खरोखरच एक झाडणारी होती. मी तिला तिचं नाव विचारलं. म्हणाली, "राजकुंवर." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तीच हसली, मलाही हसू आलं. नावावरून काम ठरत असतं तर त्या अंगणात आम्हाला जागा बदलून घ्याव्या लागल्या असत्या.

शेवटी आत बोलावणं आलं. कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब मधे बसले होते. त्यांनी मला एक धडा वाचायला लावला, हिशेब घातला, फळ्यावर लिहायला सांगितलं. सगळं झालं. त्यांची मान खुशीनं हलत होती. मग त्यांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला आणि ते थांबले.

"बाई, तुम्ही शिकवता चांगलं. पण हे नाव काय?"

"आईनं ठेवलेलं आहे."

"ते झालं. पण उद्या कुणी विचारलं, तुमची मुलगी कुठं शिकायला जाते, तर काय सांगायचं? कचऱ्याकडे? शाळेचं हसं होईल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "सासरचं नाव सगुणा आहे ना? तेच लिहून द्या. खोटं थोडंच आहे ते?"

"खोटं नाही," मी म्हटलं, "पण ते माझं नाही."

"नावाकरता नोकरी घालवता?"

"मी घालवत नाही, रावसाहेब. आपण घालवताय."

बाकीच्या सभासदांनी कागदांत डोकी घातली. ती जागा खंडव्याहून आलेल्या एका बाईंना मिळाली. त्यांचं शिक्षण अर्धं होतं. नाव मात्र गोड होतं.

घरी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. तुला वाटलं होतं, मी आनंदाची बातमी आणीन. ऐकून तू रडली नाहीस, रागावलीस. आणि रागावलीस ती माझ्यावर. "लिहून द्यायचं होतं सगुणा. तुले काय झालं असतं? मी कुठं तुले मिरवायले ठेवलं होतं ते नाव? जगवायले ठेवलं होतं. जगली ना आता? मग फेक ते."

माय, त्या दिवशी रावसाहेबांचं बोलणं मला लागलं नाही, तुझं लागलं. सगळं गाव त्या नावाला हसलं तरी चाललं असतं. तू कशी ते टाकायला निघालीस? नारायण आणि विश्वनाथ, किती सुरेख नावं होती. त्यांना कुठल्या कचेरीत खुर्ची मिळाली? नोकरी मागायला आधी जिवंत राहावं लागतं, आणि तुझी तीन पोरं धरली तर त्या वयापर्यंत एकटी मीच पोचले.

मी ओसरीवर मुली शिकवायला सुरुवात केली. गल्लीतल्या विणकरांच्या मुली येत, केळीच्या बागांत राबणाऱ्यांच्या येत. धोंडी आली, दगडी आली, कोंडी आली. त्यांच्या आयांना माझ्या नावाचं हसू येत नव्हतं. त्यांच्याही घरी पाळणे रिकामे झालेले होते. तू रहाट फिरवत आमचे पाढे ऐकायचीस. मला वाटायचं, तुझी समजूत पटली. पण नाही.

मार्गशीर्षात तुझा ताप उतरेना. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "कचरे, माझ्यापायी तुझं वाटोळं झालं. चांगलं नाव ठेवलं असतं तर आज तू खुर्चीवर असती. मले माफ कर." मी म्हटलं, असं काही नाही. पुन्हा पुन्हा म्हटलं. तू भिंतीकडे तोंड केलंस. तुला खरं वाटलं नाही, आणि तशीच तू गेलीस. एवढी एक गोष्ट तू वाईट केलीस, माय. दुसरी कुठलीच नाही.

आता पुढचं ऐक.

तू गेल्यावर काही महिन्यांनी एका दुपारी रावसाहेबांच्या घरची बैलगाडी आपल्या दाराशी उभी राहिली. आतून त्यांची बायको उतरली. एवढी मोठ्या घरची बाई, पण उंबऱ्यातच बसली. त्यांच्या सुनेची दोन बाळं गेली होती. तिसरा मुलगा झाला होता. त्या म्हणाल्या, "तुमच्या गोदाकाकूंकडून सगळं ऐकलं. तुम्ही तसं करून जगलात. तुमच्याच हातानं आमचं बाळ उचला."

मी म्हटलं, "मी विधवा आहे. तुमच्या घरी चालेल?"

त्या म्हणाल्या, "माझं नातवंड जगलं पाहिजे. मला दुसरं काही कळत नाही."

मनात आलं, नाही म्हणावं. खरंच आलं. पण त्या बाईचे डोळे मला ओळखीचे वाटले. उकिरड्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या तुझे डोळे तसेच असणार. मी गेले.

त्यांच्या परसातल्या केराच्या ढिगावर सुपात बाळ ठेवलं होतं. मी ते उचललं. सुनेनं माझ्या पदरात कोंडा टाकला. रावसाहेब पडवीत उभे होते, अंगात नुसता सदरा, पगडी नाही. पहिल्यांदाच मी त्यांना तसं पाहिलं.

"काय नाव ठेवता?" मी विचारलं.

सगळे रावसाहेबांकडे बघू लागले. शेवटी तेच म्हणाले, "कचरू."

"घरापुरतं, की शाळेतही?"

ते पडवीतून आत वळले. मीही जास्त ताणलं नाही. बाळ आईच्या हातात दिलं आणि घरी आले. ते पोर जगलं आहे, माय. चांगलं गुटगुटीत झालं आहे, चालायला लागलं आहे. नावामुळे जगलं की दैवानं, मला माहीत नाही. जबलपूरला शिकलेली मी, मला ते कोडं सुटत नाही आणि सोडवायचंही नाही.

या उन्हाळ्यात खंडव्याच्या बाई लग्न होऊन गेल्या. शाळा बंद पडायची वेळ आली. कमिटीनं मला निरोप पाठवला. मी गेले, पण पुढच्या दारानं. चपराशी बाजूला झाला. कारकून नेमणुकीचा कागद लिहायला बसला. त्यानं लेखणी उचलली, रावसाहेबांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सगुणाबाई लिहू ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रावसाहेब म्हणाले, "कचराबाई असंच लिहा. स्वच्छ अक्षरात लिहा."

माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. माफीही मागितली नाही. मला ती नकोही होती. मला वर्ग हवा होता, तो मिळाला.

आज पहिल्या दिवशी मुलींना मी माझं नाव सांगितलं. मागच्या बाकावरच्या दोघी फिसकन हसल्या. मी म्हटलं, "हसून घ्या. झालं की पाट्या काढा." त्यांनी पाट्या काढल्या. दुपारपर्यंत कुणालाच त्या नावाचं काही वाटेनासं झालं. इतकं सोपं होतं ते. मोठ्या माणसांना कमिटीत बसून जे जमलं नाही ते मुलींना एका सकाळीत जमलं.

तेव्हा तुझी माफी मी परत करते. ती माझ्याकडे ठेवायला जागा नाही. तू चुकली नाहीस. चुकले ते, ज्यांना माणूस समोर उभं असताना त्याचं नावच तेवढं दिसलं.

आणि एक वचन देते. आयुष्यभर तुला सगळ्यांनी मुनीमांची बायको म्हटलं, मग कचरीची माय म्हटलं. तुझं स्वतःचं नाव मीसुद्धा कधी तोंडातून काढलं नाही. यापुढे इन्स्पेक्टर येवो की कलेक्टर, कुणीही कपाळाला आठ्या घालून विचारलं, की असलं नाव तुम्हाला ठेवलं तरी कुणी, तर मी उभी राहून सांगेन: यमुनाबाईंनी.

तुझी,
कचरा