भोपळ्याचं बी

वडगाव शेरी, पुणे
गुरुवार, २६ ऑक्टोबर २००६

प्रिय विमलताईस,

रतनचा प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात आणि कान आणखी जड झाले, हे वाचून वाईट वाटलं. फोनवर मी ओरडायचं आणि तू "हो हो, जेवले" म्हणायचं, त्यापेक्षा पत्र बरं. जया ठीक आहे, तुझ्यासाठी गोधडी शिवते आहे. मी थकलोय. झोप काढून जाणारा थकवा नाही हा, पण ते असू दे.

सहा वर्षांनी तू नगरहून येणार, तेही कापणीच्या सणाला, याचा आनंद आहे. पण तू मागितलेलं भोपळ्याचं बी मिळणार नाही. उंदरांनी खाल्लं असं कळवणार होतो. तसं पत्र लिहूनही झालं होतं. जयाने वाचलं आणि म्हणाली, "अहो, उंदरांना कशाला बदनाम करता?" म्हणून हे दुसरं.

ताई, तुला पत्रात लिहिलेला तो भोपळा माझ्या परसातला नव्हता. आम्हाला परसच नाही. दोन खोल्या आणि पुढे मोरीएवढी गॅलरी. गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी तो मंडईतून आणला आणि व्यापाऱ्याची खडूची खूण नळाखाली घासून काढली.

का, ते सांगतो. सणाच्या रविवारी चर्चमध्ये जो तो आपल्या कष्टाचं काहीतरी वेदीपुढच्या टेबलावर ठेवतो. कुणी कणसं, कुणी शिवलेलं झबलं, गोदाबाई तिचे पापड. मुंढव्याच्या कारखान्यात होतो तोवर वीस वर्षं मी माझ्या लेथवर कातलेला पितळी बुश, यंत्राच्या दांड्यावर बसणारं कडं, ठेवला. नवी मशिनं आली, आम्हाला घरी बसवलं. मग तीन वर्षं मी सणाला गेलोच नाही, तुला मात्र तापाचं कारण कळवलं. दर वर्षी नेमका त्याच रविवारी ताप! जन्मभर नर्स होतीस, तुला शंका कशी आली नाही?

गेल्या वर्षी जयाने नेलंच. रिकाम्या हाताने जाववेना, म्हणून भोपळा. पाळकसाहेब पुढे उभे राहून म्हणाले, "बंधू रतन कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या कामावर असूनही मातीला विसरले नाहीत." मी मान खाली घातली, ती लोकांना नम्रता वाटली. बाहेर सहा जणांनी बी मागितलं. सातवी तू.

आता ते मोठं काम. खराडीच्या कंपनीत "देखरेख बघतो" असं मी तुला लिहिलं होतं. ताई, मी तिथे चौथ्या मजल्यावरचे पुरुषांचे संडास साफ करतो. चार वर्षं झाली. लिहिलं एकदाचं.

आजोबांच्या हातातला झाडू मिशनच्या शाळेने सोडवला, हे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस. मला वाढवलंस तेही तेच सांगत. म्हणून लिहिता येत नव्हतं. आजोबांच्या हातात झाडू जन्माने आला होता, माझ्या हातात नोकरी गेल्यावर आला. हे दोन्ही एकच आहे का, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला लाज वाटली तर दोष देणार नाही. मलाही वाटली.

पण जूनमध्ये एक झालं. आमच्याकडे संडासाच्या दारामागे एक कागद लावलेला असतो. दर तासाला साफ करायचं आणि त्यावर सही करायची. आम्ही सगळे सकाळीच दिवसभराच्या आठ सह्या ठोकून मोकळे व्हायचो. त्या दुपारी मी अंग टाकून जिन्यात बसून राहिलो. चौथ्या मजल्यावर अभय नावाचा इंजिनिअर आहे. त्याला दिसत नाही. कॉम्प्युटर त्याच्या कानात वाचून दाखवतो. तो आत आला, नळ शोधत ओट्यावरून हात फिरवत गेला, आणि कुणीतरी ओकून ठेवलं होतं त्यात त्याचा हात गेला.

मी पोचलो तेव्हा तो नळाखाली हात धरून उभा होता. माझ्या बादलीचा आवाज त्याला ओळखू येतो. म्हणाला, "काय काका, आज सुट्टीवर होतात वाटतं?"

मी माफी मागितली. "अहो, तुम्ही असता तेव्हा मी बिनधास्त हात टाकतो," तो म्हणाला. "नसलात की हाताला कळतं."

दारामागे माझ्या आठ सह्या होत्या. त्याला त्या दिसत नव्हत्या, मला दिसत होत्या. मला भोपळा आठवला.

लेथवर तुकडा कातून झाला की मी डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचो. खरखर लागली तर पुन्हा कातायचो. तेच आता करतो. ओटा पुसला की डोळे मिटून हात फिरवतो, मगच सही. फिरवताना तू शाळेत पाठवताना म्हणवून घ्यायचीस तेच म्हणतो, प्रभू, हे हात तुझे. दिवसातून आठ वेळा. लहानपणी एकदा म्हणायचा कंटाळा यायचा.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे दर वर्षी ऐकतो. ते मळकं पाणी नंतर कुणी ओतलं, हे कधी मनात आलं नव्हतं. आता वाटतं, त्यानेच ओतलं असणार. दुसरं कोण होतं तिथे?

याने थकवा जात नाही. कंबर धरते, वास कपड्यांना राहतो, दहाला साफ केलेलं अकराला घाण होतं. पण घरी येताना हात रिकामे वाटत नाहीत.

यंदा टेबलावर मी माझं पिवळं फडकं ठेवणार आहे. धुऊन, घडी घालून. काल पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, भोपळ्याचंसुद्धा. ते चष्मा पुसून म्हणाले, "ठेवा."

ताई, ते ठेवताना तू पहिल्या बाकावर हवीस. तू नसलीस तरी ठेवीन. चार तारखेला, शनिवारी, दुपारच्या गाडीला मी स्टँडवर उभा आहे. उतरलीस तर तेच तुझं उत्तर. बी मागणाऱ्यांना सांग, मंडईत मिळतं.

तुझा धाकटा भाऊ,
रतन
सफाई कामगार, चौथा मजला